अतिचंचल मुलाच्या डोक्याला मशीन लावावं का?

प्रश्न बेळगावच्या एका वडिलांचा आहे. ते उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीनशॉपला आहेत. मुलगा आठ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात तिसरीला. घरी मराठी, शाळेत दुसरी भाषा कन्नड. पोरगा एका जागी बसत नाही, वही पुरी करत नाही, आठवड्याला एक कंपास हरवतो, तास चालू असताना उठून खिडकीशी जातो. शाळेने दोनदा बोलावून घेतलं. बालरोगतज्ज्ञांनी 'एडीएचडी (लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार) असू शकेल, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा' म्हणून चिठ्ठी दिली. तेवढ्यात ओळखीच्या कुणीतरी दुसऱ्या शहरातलं एक सेंटर सुचवलं. तिथे 'ब्रेन मॅपिंग' झालं, रंगीत चित्रांची फाइल मिळाली आणि चुंबकीय लहरींच्या तीस बैठका सांगितल्या गेल्या. साठ हजार रुपये, निम्मे आगाऊ. ते लिहितात: "गोळ्या द्यायला मन धजत नाही. मशीनचं काम मला कळतं, काहीतरी दिसतं तरी. करून बघूया काय?" आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: "पोरगा विचारायलाय, पप्पा माझं डोकं बिघडलंय काय?"

मी या सीमाभागात पंचवीसेक वर्षं मुलांची मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला काय झालंय हे इथे बसून सांगणार नाही. पण तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर देता येतं, आणि ते आधीच देऊन टाकते: आज, या टप्प्यावर, ते तीस हजार आगाऊ भरू नका. का, ते आता सांगते. जरा लांबेल, कारण तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेत. मशीन चालतं का, गोळी धोक्याची आहे का, आणि मुळात मुलाला एडीएचडी आहे का? तुम्ही पहिला विचारलात. तुमची झोप उडवलीय ती दुसऱ्याने. आणि तिसऱ्याचं उत्तर अजून कुणी नीट दिलेलंच नाही, असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

मशीनपासून सुरू करूया. 'ब्रेन स्टिम्युलेशन' या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. तुम्हाला सांगितलेली आहे ती आरटीएमएस. डोक्याशी एक कॉइल धरतात, तिच्यातून झटक्या-झटक्याने वीज सोडतात, त्याने क्षणभर जोरदार चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि कवटीखालच्या मेंदूच्या थरात बारीक विद्युतप्रवाह उठतो. तत्त्व तुम्हाला शिकवायला नको, ट्रान्सफॉर्मरचंच आहे. १९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी हे पहिल्यांदा माणसावर करून दाखवलं. मेंदूच्या विशिष्ट जागी कॉइल धरली की हाताचे स्नायू आपोआप हलतात. आजही पहिल्या बैठकीला तेच करतात. अंगठा किती ताकदीला उडतो ते बघून त्या माणसाचा डोस ठरतो. पहिल्यांदा बघताना मला स्वतःला अंगावर काटा आला होता. आपला अंगठा, आणि हलवणारे आपण नाही.

दुसरी टीडीसीएस. हिच्यात दोन ओल्या पट्ट्या कपाळाला-डोक्याला बांधून एक-दोन मिलिअँपिअरचा सरळ प्रवाह सोडतात. उपकरण स्वस्त आणि लहान, म्हणून ऑनलाइनही मिळतं. कुणी 'घरीच करूया' म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. तिसरी कपाळावर रात्री झोपताना चिकटवायची पट्टी. ती ट्रायजेमिनल नावाच्या चेहऱ्याच्या नसेला हलके स्पंद देते. न्यूरोफीडबॅक म्हणून जे करतात ते स्टिम्युलेशन नव्हेच. त्यात मेंदूच्या लहरी वाचून मुलाला पडद्यावर खेळ खेळायला लावतात, आत काही सोडत नाहीत.

आणि यातलं काहीही 'शॉक' नाही. हे तुमच्यासाठी कमी आणि घरातल्या आजीसाठी जास्त लिहितेय, कारण आपल्याकडे डोक्याला वायर म्हटलं की घरात रडारड सुरू होते. शॉक म्हणजे ईसीटी, ती भूल देऊन करतात, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला ती द्यायची तर पालकांच्या संमतीबरोबरच त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाचीही आधी परवानगी लागते. तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

आता कामाचं. आरटीएमएस हे थोतांड नाही. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याने, तिला २००८ मध्ये मान्यता दिली, मंत्रचळासाठी म्हणजे ओसीडीसाठी २०१८ मध्ये, आणि नैराश्य असलेल्या पंधरा वर्षांवरच्या मुलांसाठी २०२४ मध्ये. मी स्वतः नैराश्याचे मोठे रुग्ण तिच्यासाठी पाठवले आहेत आणि काहींना चांगला गुण आलाय. तुमचा प्रश्न सोळा वर्षांच्या, दोन औषधं करून थकलेल्या उदास मुलीचा असता तर माझं उत्तर वेगळं असतं. पण एडीएचडीसाठी, तेही आठ वर्षांच्या मुलासाठी, या मशिनला अशी मान्यता नाही. अभ्यास झालेत ते छोटे, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे सेंटर तुम्हाला खरं मशीन दाखवतंय, पण ते ज्या जॉबसाठी पास झालंय तो जॉब तुमचा नाही.

एडीएचडीसाठी मान्यता मिळाली होती ती त्या रात्रीच्या पट्टीला. हा किस्सा नीट वाचा, कारण सगळी मेख इथे आहे. एप्रिल २०१९ मध्ये एफडीएने ती पट्टी सात ते बारा वर्षांच्या, औषध न घेणाऱ्या मुलांसाठी मोकळी केली. आधार होता ६२ मुलांच्या एका चाचणीचा. निम्म्या मुलांना खरी पट्टी, निम्म्यांना दिसायला तशीच पण काम न करणारी. कुणाला कुठली, हे आईबापांना माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. चार आठवड्यांनी खऱ्या पट्टीच्या मुलांचे लक्षणांचे गुण (जितके कमी तितकं बरं) सरासरी ३४.१ वरून २३.४ वर आले. छान. पण खोट्या पट्टीचेही ३३.७ वरून २७.५ वर आले! काही न करता सहा गुण. पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी हीच पट्टी १५० मुलांवर जास्त काटेकोरपणे तपासली, तेव्हा खऱ्या-खोट्यात फरक उरला नाही. टीडीसीएसचंही तसंच. दहा ते अठरा वर्षांच्या ५० मुलग्यांना मेंदूच्या व्यायामाच्या खेळांबरोबर पंधरा बैठका दिल्या, २०२१ मध्ये निकाल छापून आला, खोट्या मशिनपेक्षा खरं मशीन सरस ठरलं नाही.

खोट्या पट्टीचे ते सहा गुण कुठून येतात? कुणी लबाडी करत नाही. आईबाप आशेने बघतात, आणि आशेने बघितलं की चांगलं आधी दिसतं. शिवाय आपण मुलाला दाखवायला नेतो ते प्रकरण टोकाला गेल्यावर. टोकाच्या दिवसांनंतर थोडे बरे दिवस येतातच, काही करा, न करा.

माझ्याकडचंच सांगते. निपाणीकडचं एक कुटुंब होतं, मुलगा नऊ वर्षांचा. अशाच बैठका त्यांनी एप्रिलच्या मध्यावर सुरू केल्या. आई रोज त्याला घेऊन सव्वा तास बसने जायची, सव्वा तास परत. मे संपताना दोघं मला भेटायला आली ती आनंदातच. "लई फरक हाय मॅडम, शांत झालाय." मलाही बरं वाटलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली, मागच्या वर्षीचीच, फक्त तारीख नवी. मग मी आईला विचारलं, बसमध्ये तुम्ही काय करायचात? ती म्हणाली, काय नाही, फोन घरी ठेवायला सांगितला होता सेंटरवाल्यांनी, मग आम्ही रस्त्यावरचे बोर्ड वाचत जायचो, कानडी त्याने वाचायचे, मराठी मी. ट्रक मोजायचो. घरात तिला सासूबाई, धाकटी मुलगी, दोन म्हशी. या पोराला आयुष्यात पहिल्यांदा रोज अडीच तास आई एकट्याला मिळाली होती, त्यात शाळेला सुट्टी, गृहपाठ नाही, मार नाही. मशिनने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. काय कशाने झालं हे सांगायची सोय तिथे कुणी ठेवलीच नव्हती, एवढंच म्हणते. तेव्हापासून कुठलाही उपचार, माझी गोळीसुद्धा, मी शक्यतो सुट्टीत सुरू करत नाही. सुट्टीत सगळीच मुलं बरी होतात.

तुम्ही मायक्रोमीटर हातात घेतलात की आधी स्पिंडल मिटवून झिरो येतोय का बघता. झिरोच ठरवला नाही तर नंतरच्या मापाला अर्थ काय? मुलाच्या बाबतीत तो झिरो म्हणजे शिक्षकांनी, उपचार काय चाललाय हे माहीत नसताना, भरलेला तक्ता. व्हँडरबिल्ट नावाची प्रश्नावली त्यासाठी चालते, एक पालकांची, एक शिक्षकांची. सेंटरने ती शाळेकडून भरून घेतली का? फाइलमध्ये बघा. बहुधा नसेल.

त्या फाइलमधल्या रंगीत मेंदूंबद्दल एवढंच, की लाल-निळ्या चित्रावरून एडीएचडी ठरत नाही. हा आजार रक्तात, एमआरआयमध्ये किंवा मेंदूच्या लहरींच्या आलेखात, म्हणजे ईईजीत, 'दिसत' नाही. तो ठरतो विचारून, बघून आणि वेळ देऊन. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं, चंचलपणाची नऊ, त्यातल्या एका तरी गटातली किमान सहा, सहा महिने तरी टिकलेली, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि किमान दोन ठिकाणी दिसणारी. हे 'दोन ठिकाणी' आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे, आणि मी इथे जरा रेंगाळणार आहे.

आपली मुलं तीन भाषांत जगतात. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, आणि २०१५ च्या कायद्यामुळे राज्यातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून आहेच. बेळगाव-खानापूरच्या मुलांना तीन भाषा जड जातात असं अजिबात नाही. बहुतेकांना ती खेळण्यातली गोष्ट असते, गल्लीत दहा मिनिटांत तिन्ही बोलून होतात. पण ज्याच्या घरी कन्नड कुणालाच येत नाही, शेजारीही नाही, त्या मुलाला चाळीस मिनिटं न कळणारं ऐकत बसायचं असतं. तो खिडकीशी गेला नाही तर नवल. तुम्हाला कुणी रोज चाळीस मिनिटं तमीळमध्ये जीएसटी समजावला तर तुम्ही काय कराल?

म्हणून मी विचारते: उठतो तो कुठल्या तासाला? गणिताला बसतो का? चित्रकलेला? रविवारी जेवायला बसतो का? कॅरमचा डाव पुरा करतो का? एक मुलगी माझ्याकडे 'एडीएचडी' म्हणून आली होती. तिच्या शिक्षकांनी आठवडाभर तास लिहून ठेवले तेव्हा सगळे उद्योग दोनच तासांना, आणि दोन्ही लागोपाठ, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. एक विषय तिला वाचताच येत नव्हता आणि सकाळी ती काही न खाता यायची. उलट, जो मुलगा देवळातल्या आरतीला उभा राहत नाही, वाढदिवसाच्या केकपाशी दम धरत नाही, क्रिकेटमध्येही फिल्डिंग सोडून गवत उपटतो, त्याच्याबद्दल मी जास्त गंभीरपणे विचार करते. मोबाइलवर दोन तास बसतो म्हणून एडीएचडी नाही, हा मात्र गैरसमज. मोबाइल दर सेकंदाला बक्षीस देतो, तिथे सगळेच बसतात.

त्याबरोबर साध्या तपासण्या. कानाची, डोळ्यांची. रात्री घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का. ॲडिनॉइड्स म्हणजे नाकामागच्या गाठी वाढल्या असतील तर झोप पुरी होत नाही, आणि झोप न झालेलं मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, ते उधळतं. हिमोग्लोबिन आणि लोह. वाचन-लेखनातली अक्षमता आहे का. आणि मध्येच क्षणभर शून्यात बघत 'हरवतो' का, हाक मारली तरी ऐकू येत नाही असं होतं का. ती फिट असू शकते. चुंबकाच्या आधी हा प्रश्न तर विचारलाच पाहिजे, कारण आरटीएमएसचा क्वचित होणारा पण गंभीर धोका फिट येण्याचाच आहे. लहानपणी तापात झटके आले होते का, घरात कुणाला फिट्स आहेत का, डोक्यात-कानात धातूचं काही बसवलंय का, हे तुम्हाला कुणी विचारलं? विचारलं नसेल तर त्यावरूनच काय ते समजा.

आता गोळी. तुमच्या भीतीला मी हसणार नाही, कारण ती कुठून येते ते मी पाहिलंय. मिथाइलफेनिडेट हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये मोडतं. दुकानाला वेगळा परवाना लागतो, प्रिस्क्रिप्शनची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, त्यामुळे ते मोजक्याच दुकानांत मिळतं. एक वडील माझी चिठ्ठी घेऊन तीन दुकानं फिरले. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या पोराने चिठ्ठी बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे नशेचं औषध कुणाला पाहिजे?" ते तसेच मागे फिरले आणि सहा महिने माझ्याकडे आले नाहीत. मी तरी काय म्हणणार? चूक माझीही होती. आधीच सांगायला हवं होतं की हे औषध मोठी माणसं गैरवापर करू शकतात म्हणून कडीकुलपात आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मुलाच्या मापाच्या डोसला त्याचं व्यसन लागत नाही.

साधारण दहातल्या सात मुलांना ते लागू पडतं. साध्या गोळीचा असर अर्ध्या-पाऊण तासात दिसतो आणि चारेक तासांत उतरतो. म्हणजे काम करते की नाही हे कळायला तीस बैठका लागत नाहीत. त्रास आहेत, लपवत नाही. दुपारची भूक मरते, डबा तसाच परत येतो, म्हणून सकाळी पोटभर आणि संध्याकाळी परत एकदा जेवायला द्यायचं. झोप उशिरा लागू शकते. असर उतरताना संध्याकाळी चिडचिड होते. उंची थोडी कमी वेगाने वाढू शकते, म्हणून मी दर तीन महिन्यांनी उंची, वजन, नाडी, रक्तदाब लिहून ठेवते. घरात कमी वयात कुणी हृदयविकाराने गेलं असेल तर आधी हृदय तपासून घेते. हे चाललं नाही तर ॲटोमॉक्सेटिन आहे, ते शेड्यूल एक्समध्ये नाही, पण त्याला चार-सहा आठवडे धीर धरावा लागतो.

गोळीची बाजू मी तिच्या प्रेमापोटी घेत नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या, १९९९ मध्ये निकाल आलेल्या मोठ्या चाचणीत, चौदा महिन्यांनी, नीट मापून दिलेल्या औषधाने मूळ लक्षणं नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त कमी केली होती. तीन वर्षांनी मात्र गटागटांतला तो फरक उरला नव्हता. म्हणजे गोळी एक-दोन वर्षांची वाट सोपी करते, आयुष्य बदलून देत नाही. त्या सोप्या झालेल्या वाटेवर मुलाला काय शिकवतो, यावर पुढचं.

आणि ते शिकवणं तुम्ही आजपासून, निदान पक्कं व्हायच्या आधीही, सुरू करू शकता. लांबून ओरडून सांगू नका. जवळ जा, खांद्याला हात लावा, एका वेळी एकच काम सांगा. अभ्यास दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, मध्ये उठायची मुभा. वर्गशिक्षिकेला भेटून एक छोटी चिठ्ठी ठरवा. वर्गात पन्नास मुलं असतात, त्यांना निबंध लिहायला लावू नका. तीन ओळी पुरेत: 'फळ्यावरचं उतरवलं', 'विचारून जागेवरून उठला', 'डबा-कंपास बॅगेत'. पुढे फक्त बरोबर किंवा चूक. दोन बरोबर आली की त्याच संध्याकाळी काहीतरी, पैशाचं नको, तुमच्याबरोबर गाडीवरून एक चक्कर, अर्धा तास बॅडमिंटन. महिन्याच्या शेवटी सायकल असलं लांबचं बक्षीस या मुलांना चालत नाही. त्यांच्या हिशेबात महिना म्हणजे कधीच नाही. खानापूर तालुक्यातल्या एका मुलाच्या चिठ्ठ्या त्याच्या आजोबांनी तारेला टोचून ठेवल्या होत्या, दुकानात बिलं टोचतात तशा. माझ्यासमोर त्यांनी ती तार टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मोजा." चौसष्ट होत्या. सुरुवातीच्या जवळजवळ सगळ्या कोऱ्या, शिक्षिका विसरायच्या. तरी त्यांनी टोचल्या होत्या.

एवढं सगळं करून, निदान पक्कं होऊन, दोन्ही औषधं न चालल्यावर कुणी मला विचारलं की मशीन करूया का, तर मी सरळ नाही म्हणणार नाही. पण माझ्या अटी असतील. मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाने लिहून द्यावं, तंत्रज्ञाने नव्हे. कानात बोळे घालावेत, कारण त्या कॉइलचा टकटक आवाज साधा नसतो. पॅकेज नको, दहा बैठकांचे पैसे, मग शिक्षकांचा तक्ता, फरक नसेल तर थांबायचं. चालू औषध परस्पर बंद करायचं नाही. आणि 'हे नवीन संशोधन आहे' असं कुणी म्हणालं तर विचारा, सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद कुठे आहे? २००९ पासून आपल्या देशात चाचणीची तिथे आगाऊ नोंद सक्तीची आहे. खऱ्या संशोधनात मुलाच्या आईबापाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. संशोधन म्हणून सांगायचं आणि उपचार म्हणून बिल लावायचं, हे दोन्ही एकदम चालत नाही.

कुठे दाखवायचं म्हणाल तर बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सुरुवात करता येईल. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था दोन तासांवर आहे. गुंतागुंतीचं निघालं तर बंगळूरच्या निमहान्समध्ये मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने संध्याकाळी बसलात की सकाळी तिथे. जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट.

राहिली ती तुमची शेवटची ओळ. खरं तर सगळ्यात घाई तिचीच आहे. सेंटरमध्ये त्याच्या डोक्याला जाळी बांधली, त्याच्यादेखत पडद्यावर लाल ठिपका दाखवून 'इथे कमी आहे' असं कुणीतरी म्हटलं असणार. आठ वर्षांचं मूल ते विसरत नाही. संशोधनाच्या नियमांत सात वर्षांवरच्या मुलाची तोंडी का होईना संमती घ्यावी असं आहे. उपचारातही मी ते पाळते. उद्या जे काही कराल, गोळी, चिठ्ठी, मशीन, ते त्याला आधी सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

आज रात्री मात्र त्याला उत्तर द्या. 'बिघाड' हा शब्द त्यात नको, तो कारखान्यातच बरा. माझ्याकडे येणारा एक मुलगा म्हणाला होता, "मॅडम, मी बसायचं ठरवतो, आणि मला कळायच्या आत उठलेलो असतो." इतकं नेमकं मला पुस्तकातही सापडलं नाही. तुमच्या मुलाला तेवढंच सांगा: तू मुद्दाम करत नाहीस हे मला कळलंय, तुला बसायला इतरांपेक्षा जास्त जोर लावावा लागतो, ते सोपं कसं करायचं हे आपण मिळून शोधतोय. मग त्याला विचारा, कुठल्या तासाला सगळ्यात अवघड जातं? तो जे सांगेल ते कागदावर लिहा. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती रंगीत फाइल राहिली तरी चालेल, तो कागद आणि त्याच्या दोन वह्या न्या, एक गणिताची, एक कन्नडची.